ओवी चालली, साडी खटकली

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. जवळच्या वरवट बकालच्या परिसरातल्या ज्या म्हाताऱ्यांना आता तेवढं चालवत नाही, त्यांची वारी गावच्या देवळाच्या प्रदक्षिणेत होते. ख्रिस्ती उपवासकाळातली 'क्रुसाची वाट' अशाच अडचणीतून रुजली. जेरुसलेमला सगळ्यांना कुठून जाता येणार? मग येशूच्या अखेरच्या वाटचालीची चित्रं चर्चच्या भिंतींवर आली. 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी त्यांची संख्या 14 ठरवली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, विशेषतः शुक्रवारी, भाविक एकेका चित्रापाशी थांबतात, गुडघे टेकतात, पुढे सरकतात. क्रूस वाहताना येशू तीनदा पडला किंवा वेरोनिका नावाच्या स्त्रीनं त्याचा चेहरा पुसला, यातलं काहीच शुभवर्तमानांत नाही. भक्तांनी त्या जागा भरल्या, चित्रकारांनी पक्क्या केल्या.

गोव्यात हे चित्र भिंतीवरून रस्त्यावर उतरतं. जांभळ्या झग्यातली, खांद्यावर क्रूस घेतलेली येशूची मूर्ती 'पासोस'च्या मिरवणुकीत निघते, 'मोतेत' ही लॅटिन भक्तिगीतं गायली जातात. गोवा वेल्हा इथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. ही फ्रान्सिस्कनांची परंपरा. इथल्या मूर्तींचे चेहरेमोहरे मात्र बहुतांशी युरोपीय.

कानांसाठी देशी वाट मात्र फार पूर्वीच निघाली होती. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापून निघालं. जवळपास 11 हजार मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत! ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे 'दुसऱ्या पुराणात', येशूचं चरित्र आहे, त्यात त्याचं दुःखसहन आणि मरणही. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या माणसाला त्या ओवीची चाल परकी वाटणार नाही. या ग्रंथाला चर्चची रीतसर परवानगी होती.

तीन शतकांनी चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी तेच चित्रात केलं. 1902 मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्म, वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, मग शांतिनिकेतन. गुरू अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस. येशूची आई मरिया हिला त्यांनी साडी नेसवली आणि पोर्तुगीज गोव्यात ओरड झाली. फोन्सेका पुण्याला आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात राहिले. हा कॅथलिक चित्रकार, आश्रम अँग्लिकनांचा. जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये सुरू केलेल्या संघाचा. फादर हेरास यांच्यासारख्या जेझुइट इतिहासकाराचं प्रोत्साहन त्यांना होतं, पण 1967 मध्ये मरेपर्यंत मोठी मान्यता काही लाभली नाही.

ओवी चालली आणि साडी खटकली, असं का? माझ्या मते कारण काळात आहे. 1616 मध्ये नवख्रिस्ती घरांत पुराण ऐकण्याची सवय जिवंत होती, पाद्र्यांना तिची गरज होती. 1930 च्या आसपास गोव्यातल्या वरच्या थरातल्या कॅथलिकांना युरोपीय मरिया हीच आपली ओळख वाटत होती. शिवाय ओवी ऐकून विरते; वेदीवरचं चित्र वर्षानुवर्षं समोर राहतं, त्याच्यापुढेच हात जोडावे लागतात.

फोन्सेकांची चित्रं जलरंगांतली, बंगाल शैलीच्या 'वॉश'मधली. रंग द्यायचा, पाण्यानं उतरवायचा, पुन्हा द्यायचा. त्यातून येणारा मंद, दबलेला उजेड उपवासकाळाला झगमगीत तैलरंगांपेक्षा अधिक शोभतो. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. फेब्रुवारी-मार्चात गोव्याला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून तिथे अर्धा दिवस काढावा.