सुहैली : कुलाब्यात घडलेली सागवानी नौका

सुहैली ही सुमारे ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची सागवानी नौका १९ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. शँपेनची बाटली नव्हती. नाळेवर नारळ फोडला गेला आणि तो मान मुंबईतल्या कुवेतच्या वाणिज्यदूताच्या पत्नीला मिळाला. पर्शियन आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपण ज्याला अगस्तीचा तारा म्हणतो, त्याचे अरबी नावही सुहैल. पुढे पाच वर्षांच्या आतच या नौकेने एकट्या माणसाला घेऊन, वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तोवर हे कोणालाच साधले नव्हते.

मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवरचे तरुण अधिकारी. त्यांना हवा होता दुसराच आराखडा. टपालाने हाती आला तो ‘एरिक’चा, विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी नौकारचनाकाराने १९२० च्या दशकात काढलेला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर कोळ्यांना वादळातून सोडवण्यासाठी कॉलिन आर्चर यांनी ज्या बचावनौका रचल्या, त्यांचे वळण एरिकने घेतले होते: दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, वजन भरपूर. शर्यत जिंकण्यासाठी असा आराखडा कोणी निवडणार नाही. पण तो हाती होता, म्हणून त्याच्यावरच काम सुरू झाले.

बांधणी कुलाब्याच्या कारखान्यात झाली, तीही जवळजवळ सगळी हाताने. सुतारांची मुख्य हत्यारे म्हणजे वाकस आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या जुन्या सुतारनेटावर हीच हत्यारे असत. बलुतेदार सुतार ज्या वाकसाने बाभळीचा नांगर तासून काढी, त्याच जातीच्या वाकसाने कुलाब्यात सागाच्या तुळईतून नौकेचा कणा निघाला. वाकस पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडतो. प्रत्येक घावाला शिंपल्याएवढी ढलपी उडते, आणि कसलेल्या हाताखालच्या लाकडाला नंतर रंधा लागलाच तर नावापुरता. आराखड्यातली वक्र रेषा अशा हाताने लाकडात उतरवणे ही आकडेमोडीपेक्षा नजरेची गोष्ट आहे.

मुंबईला हे काम नवे नव्हते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे इथे गलबते बांधली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. सागातले तेल लाकडाला कुजू देत नाही. ओकच्या आम्लाने त्यात ठोकलेले लोखंड लवकर खाल्ले जाते. सागात ते बरेच टिकते. टिकते म्हणजे कायमचे नव्हे, आणि सुहैलीच्या बाबतीत ते पुढे दिसलेच.

‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमाउथ बंदरातून निघाले. महिनाभरातच नौकेत पाणी शिरू लागले. पाण्याखाली कण्याजवळच्या फळ्यांचा सांधा उकलला होता. भर अटलांटिकमध्ये त्यांनी बुडी मारून सांध्यात सूत ठासून पाहिले, ते टिकेना. मग कॅनव्हासच्या लांब पट्टीवर सूत शिवून, डांबर लावून ती तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा जडवला. मध्येच एक शार्क घुटमळू लागला; त्याला बंदुकीने मारूनच काम पुढे सरकले. पुढे रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्न ओलांडून २२ एप्रिलला ते फालमाउथला परतले. प्रवासाला ३१२ दिवस लागले. नऊ जण निघाले होते. शर्यत पुरी केली ती या एकाच नौकेने, आणि तिचा वेग माणसाच्या भरभर चालण्याहून फारसा जास्त नव्हता.

खरी हानी समुद्राने नव्हे, कोरड्या हवेने केली. १९९७ मध्ये सुहैली ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथली राखलेली हवा तैलचित्रांना मानवते. नौकेच्या फळ्या मात्र आटू लागल्या.

याचे नवल शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला वाटले नसते. हा बराचसा भाग पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आटे, आरे तुंब्यात खुळखुळू लागत आणि वरची लोखंडी धाव ढिली पडे. मग गाडीवान घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या डोहात चाके बुडतील अशी गाडी उभी करून ठेवी. रात्रभरात लाकूड पाणी पिऊन फुगे आणि सकाळी धाव पुन्हा आवळलेली असे. लाकडी नौकेची जोडणी याच हिशेबावर चालते: सांध्यात सूत ठासलेले, त्यावर लांबी, आणि उरलेले काम ओल्या फळ्यांच्या फुगण्यावर सोडलेले. चाक एका रात्रीत सावरते. वर्षानुवर्षे सुकलेल्या नौकेचे तसे नसते.

२००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी नौका संग्रहालयातून काढून घेतली आणि दुरुस्ती हाती घेतली. कामाचा मोठा भाग फळ्या जखडणाऱ्या लोखंडी बोल्टांचा होता. वर्षानुवर्षांच्या खाऱ्या पाण्याने ते गंजले होते. एकेक काढून त्या जागी ब्राँझचे बसवायचे, तेही भोवतीचा साग न चिरता. सागाची तक्रार मात्र फारशी नव्हती. पुष्कळसे काम मालकाने स्वतःच्या हाताने केले. १४ जून २०१८ रोजी, पहिल्या प्रयाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, सुहैली शिडे उभारून फालमाउथमध्ये हजर होती.

त्याच वर्षीच्या नव्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये एरिकच्याच आराखड्यावरून ‘तुरीया’ बांधली गेली. नौदलाचे अभिलाष टॉमी १ जुलैला तिच्यातून निघाले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला जबर इजा झाली. फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे जहाज २४ सप्टेंबरला पोहोचून त्यांना उचलून घेईपर्यंत तुरीया डोलकाठ्यांवाचून पाण्यावर तरंगत राहिली.