‘चॉसर’ : एका आडनावाची कुळकथा

इंग्रजी काव्याचा जनक म्हणून गौरविलेल्या जेफ्री चॉसरचे आडनाव मुळात फ्रेंच आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात रुजलेल्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पादत्राणे वा पायमोजे करणारा. कवीचे वडील मात्र लंडनमधील मद्यव्यापारी होते. स्वतः कवी १३७४ मध्ये लंडन बंदराच्या जकातीवर नियंत्रक झाला. व्यवसायवाचक विशेषण व्यवसायापासून सुटून वंशनाम बनले होते, हेच यावरून दिसते. कवीचा पुत्र टॉमस कॉमन्स सभेचा सभापती झाला. १४३४ मध्ये तो निवर्तला तेव्हा मागे केवळ कन्या ॲलिस उरली आणि कवीच्या वंशातील हे आडनाव खुंटले. आडनावावरून कुळाचा धंदा वा भाषानिष्ठा ठरविणे म्हणूनच सदोष होय. फ्रेंच नाव धारण करणाऱ्या या कवीने आपले काव्य रचले ते इंग्रजीत.