थीम पार्कला न्यायला मुलं ‘मोठी’ कधी होतात?

मे महिन्याच्या सुट्टीचे वेध लागले की घरात एक विषय हमखास निघतो. मामूच्या मुलांनी खोपोलीला जाऊन आल्याचे फोटो पाठवलेले असतात, शाळेतल्या दोस्ताने रोलर कोस्टरचा व्हिडिओ दाखवलेला असतो आणि मग जेवताना प्रश्न येतो, ‘अब्बू, आपण कधी जायचं?’ त्यात 2026, 2027 आणि 2028 या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यातच येते आहे. कुर्बानीचे तीन दिवस आणि पाहुण्यांची ये-जा आटोपली की चुलत-मावस भावंडं एकत्र असतात आणि बेत पक्का व्हायला वेळ लागत नाही.

अडतं ते एकाच ठिकाणी. घरात मुलं तीन, आणि तिघांची वयं वेगळी. मोठा अकरा वर्षांचा, मधली सहाची, धाकटा अडीच वर्षांचा. पाच-सहा जणांचं कुटुंब तिकीट, गाडी आणि जेवण धरलं तर दहा हजारांचा आकडा सहज गाठतं. एवढा खर्च करून दिवसभर धाकट्याला कडेवर घेऊन बाकावरच बसायचं असेल, तर दोन वर्षं थांबलेलं बरं नाही का?

मुंबईकरांच्या मागच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडत नव्हता. 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. बोटीने खाडी ओलांडायची, दिवस काढायचा आणि संध्याकाळी घरी. मुलं कोणत्याही वयाची असली तरी नेली जायची. 2013 मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं आणि हिशेब बदलला. अंतर वाढलं, तिकीट वाढलं, राइड्स मोठ्या आणि वेगवान झाल्या. गेटवरच्या माणसाच्या हातात मोजपट्टीही आली.

ही मोजपट्टी नीट समजून घेतली तर अर्धा प्रश्न सुटतो. अनेक पार्कांमध्ये मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची खूण असते. लहान मुलांच्या राइड्सना साधारण 90 ते 100 सेंटिमीटर उंची पुरते, तीही सोबत मोठं माणूस असेल तर. मोठ्या कोस्टरसाठी ही अट बहुतेक ठिकाणी 120 ते 140 सेंटिमीटरच्या दरम्यान असते. आता मुलांच्या वाढीचे आकडे पाहा. तीन वर्षांचं मूल साधारण 95 सेंटिमीटर असतं, पाचचं 110, सातचं 120 आणि दहा वर्षांचं 138 च्या आसपास. आपल्याकडची बरीच मुलं यापेक्षा दोन-चार सेंटिमीटरने कमीच भरतात. म्हणजे ज्या राइडचा व्हिडिओ पाहून सात वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय, त्या राइडवर त्याला बहुतेक घेणारच नाहीत. त्याला अजून तीन वर्षं अवकाश आहे.

काही पालकांना हा नियम म्हणजे पार्कवाल्यांची अडवणूक वाटते. ‘आमचा मुलगा घाबरत नाही हो, सोडा त्याला,’ असा वाद गेटवर नेहमी ऐकू येतो. जाड तळव्याचे बूट घालून, केस उभे करून एखादा इंच मिळवायचे प्रकारही होतात. पण उंचीचा आणि धीटपणाचा काही संबंध नाही. सीटवरचा खांद्यावरून येणारा पट्टा किंवा मांडीवर बसणारा दांडा एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. गाडी झटक्याने वळते किंवा उलटी होते तेव्हा तोच शरीराला धरून ठेवतो. मूल लहान असेल तर दांडा मांडीवर घट्ट बसत नाही, कंबर खालून सरकते आणि डोकं-मान आधाराच्या बाहेर राहते. आईने बाजूला बसून हात कितीही घट्ट धरला, तरी त्या वेगात हाताची पकड टिकत नाही. त्यामुळे उंचीच्या बाबतीत हुज्जत घालूच नये.

सोपा उपाय म्हणजे तिकीट काढण्याआधी घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करून सगळ्या मुलांची उंची मोजा, अनवाणी. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट दिलेली असते. कोण कशात बसणार, कशात नाही, हे मुलांना घरीच सांगून टाका. गेटवर पहिल्यांदा नकार ऐकणारं मूल रडतं. घरून माहीत असलेलं मूल थोडं फुगून बसतं आणि पुढच्या राइडकडे निघतं. एकाच वयाच्या दोन चुलत भावांपैकी एक 118 आणि दुसरा 123 भरला तर हे आधी सांगणं फारच महत्त्वाचं. नाहीतर पूर्ण दिवस ‘त्याला घेतलं, मला नाही’ यातच जातो.

उंचीचं झालं. पण उंची पुरली म्हणजे मूल तयार झालं, असंही नाही. इथे आपल्याच परंपरेतली एक कल्पना उपयोगी पडते. फिकहमध्ये ‘तमीज’ नावाचा टप्पा मानतात. मुलाला बोललेलं समजतं, त्याला नीट उत्तर देता येतं, फायदा-नुकसान थोडंफार ओळखता येतं, तो हा टप्पा. तो साधारण सात वर्षांच्या आसपास धरला जातो आणि मुलांना नमाज सांगायची ती सातव्या वर्षापासून, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ही चर्चा अर्थातच सहलीसाठी झालेली नाही. पण यातली नजर फार व्यवहारी आहे. मुलाला काय समजतं आणि तो काय पाळू शकतो, याकडे ती पाहते.

हाच निकष पार्कला लावून पाहा. मूल तासभर रांगेत उभं राहू शकतं का? ‘हात बाहेर काढायचा नाही’ हे एकदा सांगितलं की पाळतं का? भीती वाटली, पोट दुखलं, शू लागली तर वेळेवर सांगतं का? हरवलं तर अब्बूचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर सांगू शकतं का? या चारही प्रश्नांना हो असं उत्तर असेल तर मूल सहाचं असलं तरी न्या. नसेल तर आठचं असलं तरी थोडं थांबा. आमच्या मते पूर्ण दिवसाच्या, खर्चिक पार्कसाठी पहिली खेप सात ते नऊ या वयात सर्वात चांगली जमते. मोठ्या कोस्टरसाठी दहा-अकरा.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी म्हणून असा खर्च करू नये, हे आम्ही स्पष्टच सांगू. या वयातलं पुढे काहीच आठवत नाही. बहुतेक माणसांच्या सर्वात जुन्या आठवणी तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरच्या असतात. शिवाय या वयात दुपारची झोप लागते, ऊन सोसत नाही, आणि मोठ्या डोक्याचा बाहुला अंगावर आला की मूल किंकाळी फोडतं. त्यांच्यासाठी भायखळ्याची राणीची बाग आहे, तिथे पेंग्विन आहेत. पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. दोन तासांत परत.

चार ते सहा हे वय मात्र अवघड. मुलाला सगळं हवं असतं आणि झेपत थोडंच. या वयाची परीक्षा घ्यायची तर आधी जवळच्या छोट्या मेळ्यात न्या. डिसेंबरमध्ये माहीमला मखदूम शाह बाबांच्या उरुसाचा मेळा भरतो, गावोगावी उरूस आणि जत्रा असतात. गर्दी, मोठे आवाज, रांग, थकवा या सगळ्यात मूल कसं वागतं ते दोन तासांत कळतं. एक काळजी मात्र घ्या. मेळ्यातल्या पाळण्यांना बऱ्याचदा ना उंचीची खूण असते ना नीट पट्टा. तिथे लहान मुलाला फिरत्या घोड्यांपलीकडे कशात बसवू नका.

भीतीबद्दलही थोडं. मोठा भाऊ चिडवतो, चाचू म्हणतो, ‘मर्द बन,’ आणि मूल डोळे मिटून बसतं. अशी एक राइड पुढची कित्येक वर्षं मुलाला पाळण्याजवळही जाऊ देत नाही. मूल नको म्हणालं तर विषय तिथेच संपवा. दोन ते बारा या वयात फिरण्याने मळमळण्याचा त्रासही जास्त होतो. एस.टी.त उलटी होणारं मूल गोल फिरणाऱ्या राइडवर टिकत नाही. खाऊन लगेच तर मुळीच बसवू नका.

एकत्र कुटुंबातली खरी अडचण वेगळीच आहे. पंधरा जण निघतात आणि दिवसाचा वेग सर्वात लहान मूल ठरवतं. नमाजमध्ये एखाद्या बाळाच्या रडण्याचा आवाज कानी आला की हजरत मुहम्मद (स.) त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून नमाज आटोपशीर करत, हे सहीह बुखारीत नोंदलेलं आहे. ज्यांच्यासोबत लहान मूल आहे त्यांचा विचार करायचा, तो असा. आपल्याकडे मात्र धाकटं मूल आणि सगळ्यांच्या पिशव्या एकाच सुनेच्या गळ्यात पडतात आणि ती दिवसभर बाकावर बसते. तिचंही तिकीट काढलेलं असतं! परदेशातल्या अनेक पार्कांमध्ये एक पालक राइड करतो तेव्हा दुसरा मूल सांभाळतो आणि मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. आपल्याकडे अशी सोय आहे का ते गेटवर विचारा. नसेल तर घरातल्या घरात पाळ्या लावा, अब्बूंची पाळी धरून. गरोदर बाईने मात्र झटके देणाऱ्या कुठल्याच राइडवर बसू नये. धाकटं दोन वर्षांच्या आतलं असेल आणि दादी-नानी आनंदाने सांभाळणार असतील तर त्याला घरी ठेवून जाण्यात काही गैर नाही.

पोशाखाचा विषय मुलींच्या वयाशी जोडलेला आहे, म्हणून तो आधीच बोलून घ्यावा. मुलगी दहा-अकराची झाली, हिजाब घेऊ लागली की वॉटर पार्कचा प्रश्न येतो. बहुतेक वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. पूर्ण बाह्यांचा, डोकं झाकणारा लायक्राचा पोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, बाजारात मिळतो. पण तो चालेल का हे निघण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे मुलीवर गेटवर मान खाली घालायची वेळ येणार नाही. कोरड्या राइड्सवर सैल ओढणी, लांब दुपट्टा किंवा घेरदार अबाया घालून बसू नये. गो-कार्टच्या चाकात केस किंवा कपडा अडकून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. घट्ट बसणारा स्पोर्ट्स हिजाब, खाली सलवार किंवा पँट, हे सुरक्षित. पाण्यात पोहणं येत नसलेल्या मुलापासून हातभर अंतरावर मोठं माणूस हवंच. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, ते गुपचूप खाली जातं. फुगवलेल्या रबरी पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका.

जेवणाचं विचारून घ्या. मांस हलाल आहे याची खात्री नसेल तर शाकाहारी थाळी घ्या आणि विषय मिटवा. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, बाळाचं चालतं. दिवस निवडताना शुक्रवार टाळा, जुमा चुकतो. रविवार टाळा, रांगेतच दिवस जातो. मंगळवार-बुधवार बरे. जोहर आणि असरसाठी छोटी जानमाज आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. एवढ्या प्रवासात कसर होते का, हे आपल्या मस्जिदीतल्या इमामांना आधीच विचारा.

रत्नागिरी, रायगडच्या कित्येक घरांत अब्बू आखातात असतात आणि सुट्टीत मुलं त्यांच्याकडे जातात. तिथल्या पार्कांचा हिशेबही हाच. दुबईचं लेगोलँड दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, धाकट्यांना तिथे खरंच मजा येते. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधला ‘फॉर्म्युला रोसा’ ताशी 240 किलोमीटरने धावतो. त्यासाठी मुलं मोठी होईपर्यंत थांबा. मे-जूनमध्ये तिथलं तापमान चाळिशीच्या वर असतं, त्यामुळे उघड्यावरचं पार्क लहान मुलांना सोसत नाही. तेव्हा छताखालचं पार्क निवडा, किंवा शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीत जा.

निघायच्या सकाळी प्रत्येक लहान मुलाच्या दंडावर पेनाने मोबाइल नंबर लिहा. शर्ट एकाच भडक रंगाचे घाला. आणि आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. घरातल्या चार बायका काळ्या बुरख्यात असतील तर गर्दीत लहान मूल भलत्याच बाईचा पदर धरून चालू लागतं. अम्मीने त्या दिवशी बुरख्यावर रंगीत स्कार्फ बांधावा, मुलाला तो सकाळीच दाखवावा, आणि हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, गणवेशातल्या माणसाला हाक मार, एवढं त्याच्याकडून दोनदा म्हणून घ्यावं.