स्वस्त स्पोर्ट्स कार महाग का पडते?

जुनी पोर्शे बॉक्स्टर नवीच्या मानाने बरीच स्वस्त मिळते, मग दुरुस्ती महाग का? कारण गाडीची किंमत उतरते, इंजिनाची घडण तीच राहते. 1997 ते 2004 या मॉडेल-वर्षांच्या पहिल्या पिढीत इंजिनातल्या मधल्या शाफ्टला सीलबंद बेअरिंग आहे. सील झिजले की इंजिनातले तेल आत शिरून ग्रीस धुऊन जाते, छर्रे खरवडतात, शाफ्ट ढळतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल चुकून ते एकमेकांवर आदळतात आणि छोट्या भागापायी अख्खे इंजिन जाते. सगळ्याच गाड्यांत असे घडत नाही, हे खरे. कमी पळालेली गाडी तरी निर्धोक, असेही कुणी म्हणेल. पण उभ्या गाडीच्या जुन्या तेलात ओलावा साठतो आणि तो बेअरिंगला बाधतो. क्लचप्रमाणेच बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लचच्या कामातच ते बदलून घेतले की मजुरी एकदाच पडते.