उत्तर मिळालं, पण तेच सर्वोत्तम कशावरून?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने गाईडना माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "याहून चांगलं उत्तर नाहीच, हे कशावरून?" मी गप्प. सहा महिने नुसती उत्तरं शोधली होती, मर्यादा (बाउंड) एकदाही काढली नव्हती. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

उदाहरण आमच्या कळंबचंच घेऊ. समजा, एका सामाईक विहिरीवर तीन शेतकऱ्यांच्या तीन मोटारी आहेत. प्रत्येकाने दिवसा किंवा रात्री, एकाच पाळीत उसाला पाणी द्यायचं. दोन मोटारी एकदम लागल्या की पाणी लवकर खाली जातं. म्हणून जास्तीत जास्त जोड्या वेगळ्या पाळीत हव्यात.

चलं अ, ब, क. दिवस म्हणजे +१, रात्र म्हणजे −१. अ आणि ब वेगळ्या पाळीत असतील तर (१ − अब)/२ ची किंमत १ येते, नाहीतर ०. अशा तीन जोड्यांची बेरीज कमाल करायची. चलं पूर्णांक आणि त्यांचे गुणाकार, म्हणून हा क्वाड्रॅटिक इंटिजर प्रॉब्लेम. इथे आठच पर्याय आहेत. तपासले की उत्तर २ येतं. पण मोटारी ५० असतील तर पर्याय एकावर पंधरा शून्यांहूनही जास्त!

अशा वेळी रिलॅक्सेशन कामी येतं. अटी सैल केल्या की पर्याय वाढतात, त्यामुळे कमाल किंमत वाढेल किंवा तेवढीच राहील. कमी होणार नाही. म्हणजेच ती वरची मर्यादा.

इथे बरेच जण फसतात. चलांना −१ ते +१ मधली कोणतीही संख्या घेऊ दिली, तरी गुणाकार तसाच राहतो आणि प्रश्न नॉन-कॉन्व्हेक्सच, म्हणजे अवघडच राहतो. म्हणून गुणाकारच बदलायचा. त्याचे दोन मार्ग बघू.

पहिला, लिनियर: प्रत्येक गुणाकाराऐवजी −१ ते +१ मधलं नवं चल घ्या. तिन्ही −१ झाले की मर्यादा ३. ढोबळ आहे. पण खऱ्या उत्तरांत अब + बक + कअ कधीच −१ च्या खाली जात नाही. ही अट (कट) जोडली की मर्यादा थेट २ वर येते.

दुसरा, सेमीडेफिनिट: प्रत्येक चलाऐवजी एकक लांबीचा सदिश घ्या आणि गुणाकाराऐवजी डॉट प्रॉडक्ट. तीन सदिशांच्या बेरजेची लांबी ऋण नसते, म्हणून डॉट प्रॉडक्टची बेरीज किमान −३/२. मर्यादा आली २.२५. खरं उत्तर पूर्णांकच असणार, म्हणून ते २ च्या वर जाऊच शकत नाही. आपल्याकडे २ आहेच. झालं सिद्ध, आठ पर्याय न तपासता!

आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी इंटिरियर-पॉइंट पद्धत मांडली. याच कुळातल्या पद्धती पुढे सेमीडेफिनिट प्रश्नांसाठीही वापरात आल्या. गोमन्स आणि विल्यमसन यांनी १९९५ मध्ये या सदिशांपासून ±१ ची उत्तरं बनवून दाखवली. वजनं ऋण नसतील, तर ती सरासरीने कमाल किमतीच्या किमान ०.८७८ पट भरतात.

तेव्हा रिझल्टच्या तक्त्यात उत्तराशेजारी मर्यादा आणि दोघांमधलं अंतर (गॅप) लिहाच. अंतर मोठं असेल तर उत्तर कच्चं आहे, किंवा मर्यादा ढोबळ आहे. नेमकं कोणतं, हे शोधण्यातच पुष्कळदा पुढचा पेपर दडलेला असतो.