फिट कोणती, त्यावर गोळी कोणती

अपस्मारावर आज वीसहून अधिक औषधं मिळतात. तरीही ‘त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’ या रुग्णाच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण सगळ्या फिट्स सारख्या नसतात. एखाद्याची फिट मेंदूच्या एकाच भागात सुरू होते. आधी एक हात थरथरतो किंवा पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, आणि मग शुद्ध हरपते. ही फोकल फिट. जनरलाइज्ड फिटमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच ओढल्या जातात. तिचेही प्रकार आहेत: सर्वांग ताठ होऊन झटके येणं, शाळकरी मुलानं बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहत राहणं म्हणजे अ‍ॅब्सन्स, आणि सकाळी उठल्यावर हात अचानक उडून कप निसटणं म्हणजे मायोक्लोनिक. औषधाची निवड या प्रकारावरून व्हायला हवी. प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर नावाजलेली गोळीही निकामी ठरते आणि कधी अपाय करते.

कार्बामाझेपिन मेंदूच्या पेशींमधल्या सोडियम वाहिन्यांना आवर घालतं, म्हणून फोकल फिटवर ते अनेक दशकं वापरात आहे. तीच गोळी ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असलेल्या तरुणाला दिली, तर सकाळचे झटके वाढू शकतात. अ‍ॅब्सन्सही वाढू शकतात. अ‍ॅब्सन्समध्ये विशिष्ट कॅल्शियम वाहिन्यांचा मोठा वाटा असतो आणि एथोसक्सिमाइड त्यांच्यावरच काम करतं. 2010 साली अमेरिकेत अ‍ॅब्सन्स असलेल्या 453 मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधं लॅमोट्रिजिनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. मात्र व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या अधिक मुलांचं लक्ष विचलित होत होतं, त्यामुळे एथोसक्सिमाइडला पहिली पसंती मिळाली.

यावर अनेक डॉक्टरांचा रास्त आक्षेप असा, की लेव्हेटिरासिटाम बहुतेक प्रकारांवर चालतं, लवकर पूर्ण डोसवर नेता येतं आणि इतर औषधांशी फारसं भांडत नाही. मग प्रकारांचा एवढा खल कशाला? प्रकार खरोखरच कळत नसेल, तेव्हा असं औषध सुरू करणं शहाणपणाचं आहे. पण ब्रिटनमधल्या ‘सॅनॅड-2’ या 2021 सालच्या अभ्यासात फोकल फिटसाठी ते लॅमोट्रिजिनच्या तोडीस उतरलं नाही, आणि जनरलाइज्ड किंवा वर्गीकरण न झालेल्या फिटसाठी व्हॅल्प्रोएटच्या मागे पडलं. शिवाय काहींना त्यानं चिडचिड आणि उदासी येते. सोय हा निवडीचा एक निकष आहे, पण तो एकमेव निकष करता येत नाही.

मग जनरलाइज्ड फिटला सरसकट व्हॅल्प्रोएट द्यावं का? तेही नाही. गरोदरपणात हे औषध चालू असेल, तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी, परिणाम थोडा कमी असला तरी, लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटामचा विचार आधी करावा लागतो. फिटचा प्रकार औषधांची यादी ठरवतो. वय, गर्भधारणेची शक्यता, इतर आजार आणि खर्च त्या यादीतलं नाव ठरवतात. चालू गोळी मात्र कुणीही स्वतःहून बंद करू नये, कारण अचानक थांबवल्यास जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

लहान गावात न्यूरॉलॉजिस्ट नसतो, ईईजीची सोय नसते, तिथे हे कसं जमणार, ही अडचण खरी आहे. पण निदानाचा मोठा भाग फिट पाहणाऱ्याच्या वर्णनात असतो, आणि आज घरोघरी मोबाइल आहे. रुग्णाला सुरक्षित कुशीवर वळवून कुणी फिटचा व्हिडिओ काढला, सुरुवात शरीराच्या कुठल्या बाजूनं झाली आणि सकाळी हात उडतात का हे सांगितलं, तर डॉक्टरांचं काम खूप सोपं होतं. ही मेहनत पहिल्याच औषधाच्या वेळी घ्यायला हवी, कारण जवळपास निम्म्या रुग्णांच्या फिट्स पहिल्याच औषधानं थांबतात. योग्य निवडलेली आणि पुरेशा डोसमध्ये दिलेली दोन औषधं अपयशी ठरली, तरच आजार औषधांना दाद देत नाही असं म्हणतात आणि शस्त्रक्रियेसारख्या पर्यायांची तपासणी सुरू होते. निवडच चुकलेली असेल, तर ते अपयश औषधाचंही नाही आणि रुग्णाच्या मेंदूचंही नाही. म्हणून गोळ्या घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर डोस वाढवण्याआधी प्रकार पुन्हा तपासून घेण्याचा आग्रह रुग्णानं धरावा.