आधी फॅक्टर, मग केसपेपर

सकाळी ८:०० – हिमोफिलिया केंद्रात पाऊल ठेवलं की पहिलं काम फ्रिज उघडायचं. तापमान २ ते ८ अंशांत आहे ना, फॅक्टर आठ आणि नऊच्या बाटल्या किती उरल्यात, कोणत्या बॅचची मुदत आधी संपतेय, हे बघायचं. हिमोफिलिया ‘ए’मध्ये आठवा फॅक्टर कमी असतो, ‘बी’मध्ये नववा. तो शिरेतून दिला की रक्त गोठू लागतं. साठा कमी वाटला, तर मागणीपत्र आजच जातं.

८:४५ – पहिल्या एसटीने आलेला सात वर्षांचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर आहे. “रात्रीपासून गुडघ्यात मुंग्या येतायत.” सूज अजून फारशी नाही, पण गुडघा गरम लागतो आणि सरळ होत नाही. सांध्यात रक्त उतरू लागलं की मुलांना ते आमच्या आधी कळतं, म्हणून त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. वजन २० किलो. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टर आठची पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते. सांध्यासाठी ४० टक्के हवेत, म्हणजे ४०० युनिट. बाटली ५०० ची आहे, ती पूर्ण द्यायची. इतक्या मोलाचं औषध उरवून फेकत नाहीत. सिस्टर पावडरीत पाणी सोडतात आणि बाटली न हलवता तळहातांत हळूच फिरवतात. मुलगा स्वतःच हात पुढे करतो. “ही शीर फुटते मॅडम, इथली घ्या.” सुई पहिल्याच खेपेला बसते. केसपेपर वडील नंतर काढून आणतात. सांध्यात साचलेलं रक्त कूर्चा खातं, आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

१०:३० – ओपीडी. नुकतंच रांगू लागलेलं बाळ, अंगभर निळे डाग. प्लेटलेट ठीक; रक्त गोठण्याच्या चाचण्यांत पीटी ठीक, एपीटीटी लांबलेली. फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी. तीव्र हिमोफिलिया. आजी म्हणतात, “आमच्या घराण्यात असलं काही नाही.” आई मान खाली घालते, मारते म्हणून तिच्यावर आधीच संशय घेतला गेलाय. मी सगळ्यांना समोर बसवते. जवळपास एक तृतीयांश मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो, जनुकातला बदल नव्याने होतो. आणि तो आईकडून आला, तरी त्यात तिचा दोष कसला? मग कागदावर ठळक लिहून देते: ॲस्पिरिन, ब्रुफेन नको, तापाला पॅरासिटामॉल. स्नायूत इंजेक्शन नको. लस चुकवायची नाही. बारीक सुईने कातडीखाली टोचून जागा दाबून धरायची.

दुपारी १२:३० – प्रतिबंधक उपचार. रक्तस्राव होण्याआधीच ठरावीक दिवशी फॅक्टर घेणारी मुलं येतात. ‘ए’ प्रकारात आता एमिसिझुमॅब हे औषध कातडीखाली देता येतं, अगदी फॅक्टरविरोधी प्रतिपिंडं तयार झालेल्या मुलांनाही. खर्चामुळे ते अजून प्रत्येक मुलापर्यंत पोचलेलं नाही. ते पोचलंच पाहिजे.

२:३० – फिजिओथेरपी. मांडीचे स्नायू बळकट असतील, तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. मुलाला खेळूच न देणाऱ्या पालकांना मी पोहायला पाठवायला सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची कागदपत्रंही इथेच मार्गी लावते.

४:०० – आया आणि मोठी मुलं घरच्या घरी शीर धरायला शिकतात. एक आई पहिल्यांदा मुलाला स्वतः फॅक्टर देते. तिचं गाव इथून चार तासांवर आहे. पुढच्या वेळी ते तास वाचतील.

रात्री ९:३० – तालुक्यातल्या डॉक्टरांचा फोन. आमचा एक मुलगा पलंगावरून डोक्यावर पडलाय, पण हसतोय-खेळतोय. घरची बाटली आईने सोबत आणलीय. “सीटी स्कॅन कराच, पण त्याआधी फॅक्टर द्या. पातळी १०० टक्क्यांपर्यंत न्या.” अर्ध्या तासाने निरोप येतो: दिलं, आता स्कॅनला निघालो.

हिमोफिलियाच्या मुलाची आई दवाखान्याच्या दारात “आधी फॅक्टर द्या” म्हणते, तेव्हा ती घाई करत नसते. ती उपचाराचा पहिला नियम सांगत असते. तिला रांगेत उभं करू नका.